ग्रुप कोणता घ्यायचा ते नंतर; आधी नदीचा कोणता काठ ते ठरवा

दहावीचा मेमो हातात आला की आपल्या भागात घराघरात एकच चर्चा सुरू होते. एमपीसी घ्यायचा की बायपीसी? इंटर करायचं की पॉलिटेक्निक? आणि याच चर्चेत कुणीतरी मामा किंवा काका सहज बोलून जातो, "त्यापेक्षा नांदेडले टाका नं पोराले, तिथं क्लासेस चांगले हायेत." घरचे मान डोलावतात. आठ दिवसांत टीसी निघते, आदिलाबादहून रेल्वेत बसलं की किनवट, मुदखेड करत लेकरू नांदेडला. दोन वर्षांनी नीटचे मार्क येतात, चांगले येतात, आणि फॉर्म भरताना कळतं की आपण तेलंगणातही स्थानिक नाही आणि महाराष्ट्रातही नाही.

मित्रांनो, विषय निवडणं म्हणजे आवड, मार्क आणि पैसा एवढंच असतं असं पुस्तकं आणि यूट्यूबवाले सांगतात. हैदराबादच्या किंवा पुण्याच्या पोरासाठी ते खरंही असेल. पैनगंगेच्या काठावरच्या मराठी पोरासाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यात आधी येते: आपलं शिक्षण कोणत्या राज्याच्या हिशोबात धरलं जाणार? ही गोष्ट लेकराला आठवी-नववीतच सांगायला पाहिजे. निकालानंतर सांगून उपयोग नाही. आणि ती सांगायची जबाबदारी आपली आहे, म्हणजे जे या वाटेने एकदा गेले आहेत त्या ताई-दादांची.

आधी शाळेतलं बघू. दहावीत आपल्याकडे निवड फारशी नाहीच. पूर्वी 11 पेपर असायचे, आता सहा विषय: तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक. गणित नको म्हणून दुसरं काही घेता येत नाही. खरी निवड एकाच ठिकाणी आहे, पहिली भाषा कोणती. मराठी की तेलुगू? आणि ही निवड दहावीत होतच नाही. ती होते सहावीला शाळा बदलताना, किंवा मराठीचे सर बदलून गेले आणि दुसरे आलेच नाहीत तेव्हा. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही, आपोआप ठरून जातं. दहावीच्या वर्षी शाळा नॉमिनल रोल भरते तेव्हा त्यावर फक्त शिक्का बसतो.

यावर आपल्याकडे दोन मतं आहेत आणि मला दोन्ही अर्धवट वाटतात.

पहिलं मत: "मराठी घेऊन पोट्टं का करन?" बेला असो, जैनद असो की तामसी, हे वाक्य कुठेही ऐकायला मिळतं. बोलणाऱ्या बापाचा राग करू नका, त्याला लेकराची काळजीच आहे. पण उत्तर द्या. तेलंगणाच्या टेट परीक्षेत पहिली भाषा म्हणून मराठी घेता येते, आणि डीएससीत मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या जागा वेगळ्या असतात. पण त्या वाटेने जायचं तर दहावीपर्यंत मराठी शिकलेली असावी लागते. ज्याने सहावीतच मराठी सोडली त्याच्यासाठी हा दरवाजा अकराव्या वर्षीच बंद झाला, आणि त्याला ते पंचविसाव्या वर्षी कळतं. दुसरं, मेमोवर पहिली भाषाही गणिताइतकीच मोजली जाते. बासरच्या आरजीयूकेटीत, म्हणजे आपण ज्याला ट्रिपल आयटी म्हणतो तिथे, प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. सहा वर्षांचा कोर्स, दोन वर्षं इंटरसारखी आणि चार वर्षं बीटेक. घरी मराठी बोलणारं लेकरू ज्या भाषेत सहज चांगले मार्क घेतं ती भाषा काढून घ्यायची आणि नवीनच भाषा पहिली म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवायची, यात फायदा कुणाचा?

दुसरं मत आपल्याच मंडळींचं: "आपण मराठी माणसं, तेलुगू कशाला पाहिजे?" हे बोलायला बरं वाटतं. पण 2018 च्या कायद्याने तेलंगणातल्या शाळांत पहिली ते दहावी तेलुगू सक्तीचं झालं आहे. ते टळणार नाही. आणि कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं की तेलुगू नीट शिका. तहसीलमधला कागद तेलुगूत येतो. पोलीस ठाण्यातली फिर्याद तेलुगूत लिहिली जाते. पॉलिसेटचा पेपर मराठीत येत नाही. आपली बरीच पोरं तेलुगूत पास होण्यापुरती तयारी करतात, घोकतात आणि विसरतात. मग बावीसाव्या वर्षी ग्रुप परीक्षेच्या तयारीला हैदराबादला जातात तेव्हा अशोकनगरच्या क्लासमध्ये सर काय बोलतात तेच समजत नाही. मराठी पहिली भाषा ठेवायची आणि तेलुगू कामाची भाषा म्हणून शिकायची. दोन्ही जमतं. बोथ-उटनूरकडची गोंड आणि कोलाम लेकरं घरी गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी आणि शाळेत तेलुगू अशा तीन-तीन भाषा रोज सांभाळतात, आणि त्याचं कुणी कौतुकही करत नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. 2022-23 पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आलं. पुढे इंटरला सायन्स म्हटलं की बहुतेक ठिकाणी शिकवणं इंग्रजीतच. मराठी माध्यमातून गेलेलं हुशार पोर पहिले सहा महिने गप्प बसतं, कारण त्याला प्रकाशसंश्लेषण येतं, फोटोसिंथेसिस येत नाही. छेद आणि अंश येतात, डिनॉमिनेटर आणि न्यूमरेटर येत नाही. ही हुशारीची कमतरता नाही, शब्दांची आहे, आणि ती नववी-दहावीत एका वहीत भरून काढता येते. डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला इंग्रजी. गावातल्या डिग्रीच्या एका पोराने रविवारी दोन तास बसून दिले तरी वर्षभरात पुरेसं होतं.

आता इंटरचा ग्रुप. इथे दोन राज्यांतला एक मोठा फरक कुणी समजावून सांगत नाही. महाराष्ट्रात अकरावी सायन्सला पोरगं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेऊ शकतं, म्हणजे डॉक्टर की इंजिनिअर हा निर्णय दोन वर्षं पुढे ढकलता येतो. आपल्याकडे तसं नाही. एमपीसीत गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, जीवशास्त्र गेलं. बायपीसीत बॉटनी, झूलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित गेलं. पंधरा-सोळाव्या वर्षी एक बाजू बंद. सीईसी आणि एमईसीत कॉमर्स, बँक, सीए, कायदा याकडे वाट जाते. एचईसीला आपल्याकडे 'कुठंच नंबर नाही लागला त्यांचा ग्रुप' म्हणतात, पण ज्याला ग्रुप परीक्षा द्यायच्या आहेत त्याच्यासाठी इतिहास, अर्थशास्त्र, नागरिकशास्त्र हाच तर अभ्यासक्रम आहे. आणि ज्याचा हात मशीनवर चांगला चालतो त्याने दहावीनंतर पॉलिसेट देऊन डिप्लोमा केला किंवा आयटीआय केलं तर त्यात कमीपणा काय?

पोरींचं तर आणखीच वेगळं. बऱ्याच घरांत पोरीचा ग्रुप तिच्या मार्कांवर ठरत नाही, बसच्या टायमिंगवर ठरतो. मंडलाच्या कॉलेजात जो ग्रुप आहे तो घ्यायचा, कारण आदिलाबादला रोज जाणं-येणं घरच्यांना परवडत नाही किंवा पटत नाही. गणितात पहिली आलेली पोरगी सीईसीत बसते. अशा घरी जाऊन "पोरीला शिकवा" असं भाषण देऊन काही होत नाही. गुरुकुलाची प्रवेश परीक्षा कधी आहे, सरकारी वसतिगृह कुठे आहे, बसपास कसा निघतो, एवढी माहिती घेऊन गेलं तर बाप ऐकतो.

आणि आता मूळ मुद्दा, नदीचा.

तेलंगणात डॉक्टरकीच्या सरकारी कोट्यासाठी स्थानिक कोण, याचा नियम जुलै 2024 मध्ये कडक झाला. पात्रता परीक्षेपर्यंतची सलग चार वर्षं, म्हणजे साधारण नववी ते बारावी, तेलंगणात शिकलेलं असलं पाहिजे. हैदराबादची कितीतरी पोरं इंटरला विजयवाड्याला किंवा कोट्याला गेली होती, ती कोर्टात गेली. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा नियम कायम ठेवला. सरकारी नोकरांच्या लेकरांसारखे काही अपवाद आहेत, पण सोयाबीन-कापूस पिकवणाऱ्याच्या लेकराला त्याचा फायदा नाही. इंजिनिअरिंगलाही 85 टक्के जागा स्थानिकांच्या, आणि तिथेही सलग चार वर्षांचाच हिशोब. नांदेडला, लातूरला किंवा नागपूरला दोन वर्षं काढली की ही साखळी तुटते.

मग पोरगं म्हणतं, ठीक आहे, महाराष्ट्रात बारावी केली ना, तिकडे फॉर्म भरतो. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या राज्य कोट्याला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पाहिजे, वर अधिवासाचा दाखलाही. आपली दहावी तेलंगणाची. म्हणजे इकडे बारावी आडवी येते, तिकडे दहावी आडवी येते. आदिलाबादलाच रिम्ससारखं सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि नदीपलीकडे नांदेडलाही आहे. पोरगं दोन कॉलेजांच्या मधे उभं, आणि दोन्हीकडे परकं. त्याच्या हातात उरतो अखिल भारतीय कोटा, जिथे त्याला सगळ्या देशाशी भिडावं लागतं, नाहीतर खासगी कॉलेजची फी.

सगळीकडे नियम सारखाच आहे असंही नाही. एनआयटीत होम स्टेट ठरतं ते बारावी कुठून पास झालात त्यावर. आदिलाबादला इंटर केलं तर वारंगळ तुमचं, नांदेडला बारावी केली तर नागपूर तुमचं. आयआयटीत राज्याचा कोटाच नाही. म्हणून "नांदेडला जाऊच नका" असं मी म्हणत नाही. इंजिनिअरिंगला एनआयटी किंवा आयआयटीच गाठायची तर गोष्ट वेगळी. आदिलाबादच्या मेडिकलमध्ये जायचं स्वप्न असेल तर अगदी वेगळी. पण जायचं तर जाणून जा. आणि महाराष्ट्रातच पुढचं आयुष्य काढायचं ठरलं असेल तर बारावीला नाही, नववीलाच जा, म्हणजे दहावी आणि बारावी दोन्ही तिकडची होईल. अधिवासाचा प्रश्न त्या आधी सोडवा, कारण तो दाखला नुसत्या शाळेच्या बोनाफाईडवर मिळत नाही.

नोकरीचा हिशोब पुन्हा निराळा. तेलंगणात जिल्ह्याच्या नोकरीसाठी तुम्ही कुठले, हे पहिली ते सातवीतली किमान चार वर्षं कुठे शिकलात यावर ठरतं. म्हणजे लहानपणी आजोळी किनवटला किंवा पांढरकवड्याला ठेवून शिकवलेलं लेकरू इथे परकं ठरू शकतं, मग त्याचं आधार कार्ड आणि शेत इकडचं का असेना. पहिलीत पाठवताना कोणता बाप हा विचार करतो?

जातीच्या दाखल्याचंही तसंच. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातीत मोजला जातो. एकच तांडा, एकच आडनाव, सोयरीक दोन्हीकडे, पण सवलतीचा कागद एका काठाचा दुसऱ्या काठाला चालत नाही. नारनूर-इंद्रवेल्लीकडच्या तांड्यातल्या पोराने विषय निवडताना हे आधी विचारात घेतलंच पाहिजे. इकडे एसटी म्हणून ज्या जागेवर त्याचा हक्क आहे, ती जागा तो एका टीसीने गमावू शकतो.

हे सगळं आपल्याच नशिबी का आलं, ते नव्या पोरांना माहीत असावं. 1956 ला हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा आपल्या जिल्ह्यातलं किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेलं, नांदेड जिल्ह्यातलं मुधोळ-भैंसा आदिलाबादला जोडलं गेलं, आणि बाकी आपण होतो तिथेच राहिलो. कोणत्या आजोबाचा नातू कोणत्या बोर्डाची परीक्षा देणार हे त्या वेळी ठरलं. त्याच वर्षी संविधानात 350 क हे कलम आलं: भाषिक अल्पसंख्य लेकरांना मातृभाषेत शिकण्याची सोय राज्याने करावी. पण ते कलम प्राथमिक शाळेपुरतं आहे. नववी-दहावीत मराठी टिकवायची की नाही, त्यापुढे कुठे जायचं, हे त्याने लेकरावरच सोडलं.

कर्नाटकच्या वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांच्या मराठी पोरांसाठी महाराष्ट्राने व्यावसायिक प्रवेशांत वेगळी सोय ठेवली आहे. चांगलं केलं. बेळगावच्या पोराला मिळतं त्याबद्दल आपल्याला आनंदच आहे. पण पैनगंगेच्या या काठावरचं पोरगंही मराठीच आहे ना? निदान ज्या लेकराने दहावीला पहिली भाषा मराठी घेतली, त्याला तरी महाराष्ट्राने प्रवेशात थोडी जागा द्यावी. आणि तेलंगणाने सीमेवरच्या मंडलांतून लागूनच्या जिल्ह्यात दोन वर्षं शिकायला गेलेल्या पोराला चार वर्षांच्या नियमातून सूट द्यावी. मराठी शाळांत मराठीचे शिक्षक रिकाम्या जागेवर नेमावेत, म्हणजे विषय निवडीचा निर्णय बदलीच्या ऑर्डरवर ठरणार नाही. या तीन मागण्या आपण निवेदनात घालायला पाहिजेत, आणि दरवर्षी घालायला पाहिजेत.

पण निवेदनाला उत्तर यायला वर्षं लागतात, आणि नववीचं पोरगं पुढच्या जूनमध्ये दहावीत जातं. आपण सीमाप्रश्नावर तासन् तास बोलतो, नकाशे काढतो, जुने ठराव शेअर करतो. त्यातला एक रविवार या कामाला द्या. आपल्या गावातल्या आठवी-नववीच्या लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना एकत्र बसवा. शाळेच्या व्हरांड्यात बसवा, नाहीतर मारुतीच्या पारावर. त्यांच्यासोबत पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहून काढा:

1. पहिली ते आतापर्यंत लेकरू कोणत्या वर्षी कोणत्या जिल्ह्यात शिकलं? सगळे बोनाफाईड आहेत का?
2. शाळेच्या रेकॉर्डला पहिली भाषा कोणती लागली आहे? नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का?
3. जातीचा दाखला कोणत्या राज्याचा आहे, आणि तो दुसऱ्या राज्यात कोणत्या वर्गात बसतो?
4. लेकराला स्वतःला काय करायला आवडतं? हे आईबापासमोर नको, बाजूला नेऊन विचारा.
5. ते काम करायचं तर कोणता ग्रुप लागतो, आणि तिथल्या जागेसाठी नववी ते बारावी कुठे झालेली पाहिजे?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर तोंडी देऊ नका. नियम दरवर्षी बदलतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक मोबाइलवर उघडा, ते इंग्रजीत किंवा तेलुगूत असेल, तुम्ही वाचून मराठीत सांगा. हेच ते काम आहे जे मामा-काका करू शकत नाहीत आणि तुम्ही करू शकता. मीसेवाच्या रांगेत चार वेळा उभा राहिलेला, टीसीसाठी हेडमास्तरांच्या मागे फिरलेला, इंटरला गप्प बसून मग बोलायला लागलेला प्रत्येक पोरगा आणि प्रत्येक पोरगी या कामाला लायक आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर निर्णय मात्र लेकराला आणि घरच्यांना घेऊ द्या. त्याने एचईसी घेतलं तरी ठीक, नांदेडला गेलं तरी ठीक, बासरला गेलं तर पेढे मागा. फक्त अठराव्या वर्षी त्याच्या तोंडून "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं" असं निघता कामा नये.

तुमच्या मंडलात अशी बैठक घ्यायची असेल तर खाली मंडलाचं आणि गावाचं नाव लिहा. जवळपासचे लोक एकमेकांना जोडून देऊ. जानेवारीच्या आत झालं पाहिजे, कारण फेब्रुवारी लागला की घराघरात फक्त परीक्षेचंच टेन्शन असतं.